शेंगवर्गीय पिकात झाडाची वाढ बघून उत्पादनाचा अंदाज कसा घ्यायचा

पीक गुडघ्याच्या वर गेलं, रान हिरवंगार दिसायला लागलं की लगेच सगळे म्हणतात यंदा पीक जोरात आहे. शेंगवर्गीय पिकात हाच अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. सोयाबीन, हरभरा, तूर, मूग, भुईमूग, वाटाणा, कुठलंही घ्या, यातल्या बऱ्याच पिकांत फुलं आली तरी पाला वाढायचा थांबत नाही, म्हणजे एकाच वेळी झाड शेंगाही पोसतं आणि नवीन पानं फांद्याही काढतं आणि दोघांना अन्न एकाच ठिकाणाहून जातं. म्हणून उंच झाड म्हणजे जास्त दाणा असा सरळ हिशोब इथे लागत नाही. मग कुठली गोष्ट मोजायची, कधी मोजायची आणि मोजलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते इथे लिहितोय. ट्रायल घेणारे विद्यार्थी असोत किंवा स्वतःच्या रानात दोन वाण शेजारी लावून बघणारे शेतकरी, दोघांनाही हे करता येईल, काट्याला आणि टेपला फार खर्च नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

आधी उत्पादनाचे तुकडे करा

कुठल्याही शेंगवर्गीय पिकाचं उत्पादन चार आकड्यांच्या गुणाकारातून येतं. एका चौरस मीटरमधे झाडं किती, एका झाडाला भरलेल्या शेंगा किती, एका शेंगेत दाणे किती आणि १०० दाण्यांचं वजन किती ग्रॅम. चारही गुणायचे, १०० नी भागायचं, की चौरस मीटरला किती ग्रॅम दाणा ते मिळतं, त्याला १० नी भागलं की हेक्टरी क्विंटल.

उदाहरण म्हणून सोयाबीनचे दोन प्लॉट धरू. पहिल्यात चौरस मीटरला २४ झाडं, झाडाला ५२ शेंगा, शेंगेत सरासरी २.१ दाणे, १०० दाण्यांचं वजन १०.५ ग्रॅम. हिशोब येतो २७५ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी साडेसत्तावीस क्विंटल. दुसऱ्यात ३८ झाडं पण झाडाला ३४ च शेंगा, शेंगेत २.२ दाणे, १०० दाणे ११ ग्रॅम. हा येतो ३१३ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ३१ क्विंटलच्या वर. आता बांधावरून बघणारा माणूस पहिल्या प्लॉटमधलं एक झाड उपटून म्हणणार बघा किती शेंगा लागल्यात, आणि तो खोटं बोलत नाहीये, त्या झाडाला खरंच जास्त शेंगा आहेत, पण रानाचं उत्पादन दुसऱ्यात जास्त आहे. झाडाचं उत्पादन आणि रानाचं उत्पादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातल्या निम्म्या चुका या दोन्हींची गल्लत केल्यामुळेच होतात असं माझं स्पष्ट मत आहे. (प्रत्यक्ष मळणीत आकडा यापेक्षा कमीच येतो, कारण रानात कुठे झाडं विरळ असतात, काढणीत शेंगा फुटतात, दाणा गळतो.)

अजून एक, हे चार आकडे एकमेकांना सांभाळून घेतात. झाडं विरळ झाली की उरलेल्या झाडांना फांद्या जास्त फुटतात आणि शेंगा वाढतात, शेंगा फार लागल्या की दाणा बारीक राहतो. म्हणून कुठलाही एकच आकडा धरून बसू नका. त्यातल्या त्यात एकच मोजायला वेळ असेल तर चौरस मीटरमधले एकूण दाणे मोजा, कारण बहुतेक शेंगवर्गीय पिकांत उत्पादनातला फरक जास्त करून दाण्यांच्या संख्येतून येतो, वजनातून कमी. शेंगेत किती दाणे बसणार हे बरंचसं वाणाच्या रक्तातच असतं, त्यात रानात फार फरक पडत नाही.

फुलोऱ्यानंतरचे ३-४ आठवडे सगळ्यात महत्त्वाचे

गव्हासारख्या पिकात दाण्यांची संख्या फुलोऱ्याच्या आधीच बरीचशी ठरते. शेंगवर्गीय पिकात उलट आहे, इथे फुलं यायला लागल्यानंतरच्या आठवड्यांत ती ठरते. झाड फुलं भरपूर काढतं, शेंगा होतात त्यातल्या थोड्याच. सोयाबीनमधे निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त फुलं आणि कोवळ्या शेंगा गळून जातात, तुरीत तर गळ त्याहून जास्त असते, आणि ही गळ म्हणजे दरवेळी रोग नसतो, झाड आपल्याला पोसता येतील तेवढ्याच शेंगा ठेवतं. त्या काळात झाडाची वाढ रोजची किती होतीये त्यावर ते ठरतं. ढगाळ हवा, पाण्याचा ताण, उष्णता, पानं खाणारी अळी, यातलं काहीही या आठवड्यांत आलं तर दाण्यांची संख्या कमी होते, आणि हेच सगळं पेरणीनंतर २० व्या दिवशी आलं असतं तर पीक बऱ्यापैकी भरून निघालं असतं.

म्हणून पहिलं काम अवस्थेची तारीख लिहून ठेवणं. फक्त पेरणीपासूनचे दिवस लिहू नका, उगवण कधी झाली, निम्म्या झाडांना पहिलं फूल कधी आलं, पहिली शेंग कधी दिसली, दाणा भरायला कधी लागला, पहिली शेंग कधी वाळली, हे सगळं लिहा. सोयाबीनसाठी फेर आणि कॅव्हिनेस यांनी १९७७ मधे दिलेली पद्धत जगभर वापरतात, त्यात आर-१ म्हणजे फूल सुरू, आर-३ म्हणजे वरच्या पेरांवर शेंग दिसायला लागणं, आर-५ म्हणजे दाणा धरायला सुरवात, आर-६ म्हणजे हिरव्या दाण्याने शेंग भरणं आणि आर-८ म्हणजे पक्व. आर-३ ते आर-६ हा काळ जपायचा. बाकी पिकांत नावं वेगळी असली तरी क्रम तोच.

दुसरं काम त्या काळातल्या वाढीचा वेग काढणं. फुलं सुरू झाली त्या दिवशी एक चौरस मीटरमधली झाडं जमिनीलगत कापा, ओव्हनमधे ६५ ते ७० अंशावर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा (साधारण २ ते ३ दिवस लागतात), वजन करा. साधारण ४ आठवड्यांनी त्याच प्लॉटमधे दुसऱ्या जागेवरून परत तेच करा, पण यावेळी शेंगा वेगळ्या काढून त्यांचं वजन वेगळं लिहा. समजा पहिल्यांदा १८० ग्रॅम आले आणि २८ दिवसांनी ४८० ग्रॅम, म्हणजे ३०० ग्रॅम वाढ, रोजची १०.७ ग्रॅम. त्या ३०० मधे शेंगांचे १४० असतील तर वाढीतला ४७ टक्के वाटा शेंगांना गेला. हे दोन आकडे, रोजची वाढ आणि शेंगांचा वाटा, हातात असले की उंचीच्या दहा रिडिंगपेक्षा जास्त कळतं. पहिला आकडा कमी असेल तर झाडाला ऊन, पाणी किंवा नत्र कमी पडतंय, आणि पहिला चांगला पण दुसरा कमी असेल तर पीक माजलंय, नुसता पाला चाललाय. दोन्हीचे उपाय वेगळे, म्हणून दोन्ही आकडे वेगळे पाहिजेत. भुईमुगावर १९७८ मधे डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं की जुन्या आणि नव्या वाणांतला मोठा फरक झाडाच्या एकूण वाढीत नसून वाढीतला किती वाटा शेंगांकडे वळतो त्यात आहे.

आता एकेक गुण

उंची. मोजायला सगळ्यात सोपी म्हणून सगळे मोजतात. ठराविक मर्यादेपर्यंत उंची वाढली की पेरं वाढतात आणि पेरं वाढली की शेंगा धरायच्या जागा वाढतात, इथपर्यंत ठीक. त्यानंतर मात्र पीक लोळायला लागतं, खालच्या पानांना ऊन मिळत नाही, खालच्या शेंगा पोचट राहतात. दाट पेरलेलं किंवा सावलीतलं झाडसुद्धा उंच होतं पण त्याची पेरं लांब असतात, संख्या वाढलेली नसते. त्यामुळे उंचीबरोबर मुख्य खोडावरची पेरं मोजा आणि उंचीला पेरांनी भागा, आकडा मोठा आला तर झाड नुसतं लांबलंय. सोयाबीनमधे पहिलं तीन पानी पान आल्यावर साधारण पावणेचार दिवसाला एक नवीन पेरं येतं, दाणा भरायला लागेपर्यंत, म्हणून पेरणी उशिरा झाली की पेरं कमी पडतात, कारण दिवस लहान होत गेले की फूल वेळेवर येऊनच जातं.

झाडाचा प्रकार आधी ओळखा, नाहीतर तुलना चुकते. काही वाणांत शेंड्याला फुलांचा घोस येऊन वाढ थांबते, काहींत शेंडा चालूच राहतो. शेंडा थांबणाऱ्या वाणात फुलोऱ्यातली उंची जवळपास शेवटची असते, चालू राहणाऱ्यात फुलोऱ्यानंतरही उंची बरीच वाढते, त्यामुळे एकाच दिवशी दोघांची उंची मोजून तुलना करण्यात अर्थ नाही. शेंडा चालू राहणाऱ्या वाणात मधे थोडा ताण आला तर नंतरच्या फुलांतून भरपाई होते पण शेंगा मागेपुढे पिकतात. मुगात हा त्रास चांगलाच जाणवतो, एका तोडणीत पीक निघत नाही. वाट्याण्यात मेंडेलनी १८६६ च्या शोधनिबंधात जी उंच आणि बुटकी झाडं मांडली होती ती जिबरेलिन (झाडाची उंची वाढवणारं संप्रेरक) बनवणाऱ्या एका जीनच्या फरकामुळे तशी होतात हे आता माहीत आहे. वाट्याण्यातच पानांच्या जागी ताणे आलेले वाण आहेत, पानं कमी असूनही ते चालतात कारण ताणे एकमेकांत गुंतून पीक उभं राहतं.

फांद्या. विरळ पिकात फांद्यांचा उत्पादनाशी संबंध जोरदार दिसतो, दाट पिकात तो जवळपास नाहीसा होतो, कारण तिथे मुख्य खोडच काम करतं. हरभरा आणि तुरीत फांद्यांना जास्त महत्त्व आहे, म्हणून तिथे शेंडा खुडतात, पण तो फुलोऱ्याच्या बराच आधी, जमिनीत ओल असताना खुडला तरच नवीन फांद्यांना घाटे धरायला वेळ मिळतो. उशिरा पेरलेली तूर बुटकी राहते आणि फांद्या कमी काढते, तिथे फांद्यांची वाट बघण्यापेक्षा पेरतानाच झाडांची संख्या वाढवलेली बरी. फांद्या मोजताना मात्र फक्त शेंगा असलेल्या मोजा, रिकाम्या फांद्यांचा आकडा कामाचा नाही.

पानं आणि ऊन. पानांचं क्षेत्रफळ मोजायचं मशीन नसेल तर एक साधी पद्धत सांगतो. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, तिच्यावर दर सेंटीमीटरला खूण करा, ऐन दुपारी पिकाच्या खाली जमिनीवर ओळींना आडवी ठेवा आणि किती खुणांवर ऊन पडलंय ते मोजा. १०० पैकी ३० खुणांवर ऊन असेल तर साधारण ७० टक्के ऊन पीक घेतंय, ३० टक्के जमिनीवर वाया जातंय. असं ५-६ ठिकाणी करून सरासरी काढा. शेंगा धरायच्या सुमारास हे ९५ टक्क्यांच्या आसपास पोचलेलं पाहिजे, सोयाबीनमधे त्यासाठी जमिनीच्या क्षेत्राच्या साडेतीन ते चारपट पानांचं क्षेत्र लागतं. त्याच्यावर पाला वाढून फायदा फारसा नाही. फुलोऱ्यात ओळी मिटलेल्या नसतील तर पुढच्या वेळी ओळीतलं अंतर कमी करा, हा आकडा त्यासाठी एकदम उपयोगी आहे.

मुळावरच्या गाठी. यातले जिवाणू हवेतलं नत्र बांधून झाडाला देतात. गाठी बघायला झाड उपटू नका, गाठी जमिनीतच तुटून राहतात, कुदळीने मातीसकट काढा, पाण्यात भिजवून हळूच धुवा. पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांत, फुलोऱ्याच्या तोंडावर बघा आणि गाठ नखाने फोडून आतला रंग बघा. गुलाबी लालसर असेल तर नत्र बांधण्याचं काम चालू आहे, पांढरी असेल तर अजून सुरू झालं नाही किंवा जिवाणू कामाचा नाही, हिरवट तपकिरी म्हणजे काम संपलं. गाठींच्या संख्येपेक्षा गुलाबी गाठींचं वजन जास्त बोलतं. नत्राचं खत जास्त दिलं की गाठी कमी धरतात, आणि घेवड्यात गाठींचं काम मुळातच कमजोर असतं, त्यामुळे घेवड्याची तुलना सोयाबीनशी करू नका. दाणा भरताना गाठी मंदावतात आणि दाण्यात प्रथिनं जास्त असल्यामुळे नत्राची मागणी प्रचंड असते, मग झाड पानांतलं नत्र काढून दाण्याला देतं आणि पानं पिवळी पडतात. म्हणून दाणा भरताना पान किती दिवस हिरवं टिकतं हा मोजण्यासारखा गुण आहे.

फुलाचे दिवस. लवकर फूल चांगलं की उशिरा, याचं उत्तर पाण्यावर आहे. ओलीवर येणाऱ्या हरभऱ्याला शेवटी ताण बसणारच असेल तर लवकर फुलणारा वाण जिंकतो, पाणी शेवटपर्यंत असेल तर थोडा उशिरा येणारा वाण जास्त झाडोरा करून जास्त देतो. पण हरभऱ्यात दिवसाचं सरासरी तापमान १५ अंशाच्या खाली असताना फूल आलं तर घाटा नीट धरत नाही आणि ३५ अंशाच्या वर गेलं तरी अडचण, म्हणून नुसतं लवकर येऊन उपयोग नाही. भुईमुगात लवकर आलेल्या फुलांच्या आऱ्या (फुलातून खाली जाणारे देठ, ज्यांच्या टोकाला शेंग धरते) जमिनीत जाऊन भरतात, फूल ते पक्व शेंग यात साधारण २ महिने जातात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यातली फुलं आणि हवेत लटकलेल्या आऱ्या हिशोबात धरू नका.

हार्वेस्ट इंडेक्स म्हणजे जमिनीवरच्या एकूण कोरड्या वजनात दाण्याचा वाटा. हरभऱ्यात तो तुरीपेक्षा बराच जास्त असतो कारण तूर मुळात बहुवर्षायू झुडूप आहे, खोडात बरंच अन्न घालते. एक सांभाळा, सोयाबीन आणि तुरीत काढणीपर्यंत पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे काढणीला काढलेला हार्वेस्ट इंडेक्स फुगलेला येतो. तुलना करायची तर सगळ्या प्लॉटमधे एकतर गळलेली पानं गोळा करून धरा नाहीतर सगळीकडे सोडा.

झाडं निवडताना आणि संबंध काढताना

कडेच्या दोन ओळी आणि ओळीच्या टोकाची झाडं सोडून द्या, त्यांना ऊन आणि जागा जास्त मिळते. डोळ्याला भरणारी झाडं निवडायची सवय सगळ्यांना असते आणि ती मोडलीच पाहिजे, ओळीत पावलं मोजत जा आणि ठरलेल्या पावलाला जे झाड येईल तेच घ्या, ते कितीही किडकं असलं तरी. पेरणीनंतर लगेच टॅग बांधून टाकले तर अजून चांगलं, कारण मग तीच झाडं शेवटपर्यंत बघता येतात. उत्पादन मात्र ५ झाडांवरून काढू नका, पूर्ण चौरस मीटर कापा, ओळीतलं अंतर ४५ सेंमी असेल तर एका ओळीचे २ मीटर २२ सेंमी म्हणजे एक चौरस मीटर, ३० सेंमी असेल तर ३ मीटर ३३ सेंमी.

आता कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे एकमेकांबरोबर किती वरखाली होतात ते. एक्सेलमधे कोरेल नावाचं फंक्शन आहे, एका कॉलमला गुण, दुसऱ्याला उत्पादन, उत्तर उणे १ ते अधिक १ मधे येतं. ०.७ आलं तर त्याचा वर्ग ०.४९, म्हणजे उत्पादनातला साधारण निम्मा फरक त्या गुणाबरोबर जातोय, बाकी निम्मा दुसऱ्या कशाबरोबर. आणि किती जोड्यांवरून काढलं ते बघा, १० जोड्या असतील तर ०.६३ च्या वर आल्याशिवाय त्याला ५ टक्के पातळीवर (म्हणजे नुसत्या योगायोगाची शक्यता ५ टक्क्यांच्या आत) अर्थ नाही, ३० असतील तर ०.३६ पुरतं. थोड्या झाडांवरून आलेलं ०.५ बघून वाण निवडले जातात ते मला खरंच खटकतं, पूर्ण हंगामाची मेहनत त्यावर उभी असते.

झाडावरच्या शेंगा आणि झाडाचं उत्पादन यांचं कोरिलेशन जवळपास नेहमीच मोठं येतं, पण शेंगा हा उत्पादनाचाच एक तुकडा आहे, तो गुणाकारात आधीच बसलेला आहे, त्यामुळे त्यात नवीन शोध काही नाही. आणि हे एकाच प्लॉटमधल्या झाडांवर काढलं असेल तर ते बरेचदा एवढंच सांगतं की ज्या झाडाच्या शेजारी नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) पडल्या त्याला शेंगा जास्त लागल्या. वाण निवडायचा असेल तर प्लॉटच्या सरासरीवर कोरिलेशन काढा, झाडांवर नाही. लवकर येणारे आणि उशिरा येणारे वाण एकत्र करून काढलं तर सगळे गुण फक्त दिवसांमुळे उत्पादनाशी जुळलेले दिसतात, म्हणून दोन्ही गट वेगळे ठेवा.

गुण एकमेकांतच गुंतलेले असतात, उंचीमुळे पेरं, पेरांमुळे शेंगा, म्हणून त्यातला थेट परिणाम किती आणि दुसऱ्याच्या मार्फत किती हे वेगळं करायला पाथ अ‍ॅनालिसिस करतात. ही पद्धत स्युअल राइट यांनी १९२१ मधे मांडली आणि ड्यूई आणि लू यांनी १९५९ मधे गवताच्या बियाण्याच्या उत्पादनावर वापरून दाखवली, तिथून पीक सुधारणेत ती रूढ झाली. बऱ्याचदा असं दिसतं की उंचीचं कोरिलेशन चांगलं असतं पण थेट परिणाम शून्याच्या जवळ किंवा उणे असतो, म्हणजे उंची शेंगांच्या मार्फतच काम करत होती. तेव्हा निवड शेंगांवर करा, उंचीवर नको. फक्त एका हंगामातल्या आकड्यांवर पाथ काढून थांबू नका, ओल्या आणि कोरड्या हंगामात चित्र पार उलटं येऊ शकतं, निदान दोन हंगाम घ्या.

दाण्याचं वजन करताना ओलावा मोजायला विसरू नका, उशिरा पिकणारा वाण ओला निघतो आणि उगाच जास्त उत्पादनाचा दिसतो. सगळी वजनं एका ओलाव्यावर आणा. समजा १००० ग्रॅम दाणा १८ टक्के ओलाव्याचा आहे आणि तुम्हाला १२ टक्क्यावर पाहिजे, तर १००० गुणिले ८२ भागिले ८८, येतात ९३२ ग्रॅम. १०० दाण्यांच्या वजनालाही हेच गणित लावा, आणि १०० दाणे एकदा न मोजता वेगवेगळ्या मुठींतून चार वेळा मोजून सरासरी घ्या.